साहित्याच्या वर्गासाठी प्रतिसाद वही: नाशिकच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी पायरीपायरीने

बी.ए.ला साहित्य घेतलं की पहिल्या काही तासांतच सर किंवा मॅडम सांगतात, "या सत्रात प्रत्येकाने वाचनाचं जर्नल ठेवायचं आहे." वर्गातले निम्मे जण विज्ञान शाखेच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखं काहीतरी डोळ्यांसमोर आणतात: हेतू, साहित्य, कृती, निष्कर्ष. उरलेल्यांना वाटतं, धड्याचा सारांश लिहायचा. दोन्ही समज घेऊन केलेलं काम शेवटी "प्रतिसाद दिसत नाही" असा शेरा घेऊन परत येतं.

या वहीत एकच गोष्ट हवी असते. वाचताना तुम्हाला काय झालं आणि ते पानावरच्या नेमक्या कुठल्या शब्दामुळे झालं, याची नोंद. नुसतं "मला वाईट वाटलं" लिहिलं तर ती रोजनिशी होते. नुसतं "लेखकाने करुण रस वापरला आहे" लिहिलं तर ते परीक्षेचं उत्तर होतं. वाटण्यापासून शब्दापर्यंतचा रस्ता दाखवला की प्रतिसाद होतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या रस्त्यासाठीच आहेत.

1. वही घेण्याआधी शिक्षकांना विचारा

प्रत्येक कॉलेजात, बऱ्याचदा प्रत्येक शिक्षकाच्या वर्गात, अपेक्षा वेगळी असते. हे प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारा आणि उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

- सत्रात एकूण किती नोंदी हव्यात, आणि एक नोंद साधारण किती शब्दांची?
- हस्तलिखितच हवं, की टाइप केलेलं चालेल?
- फक्त नेमलेल्या पुस्तकांवर लिहायचं, की अवांतर वाचनही चालेल?
- वही मधे केव्हा तपासणार? की थेट सत्राच्या शेवटी?
- अंतर्गत मूल्यमापनात तिला किती गुण आहेत?

मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याकडून ऐकलेल्या उत्तरावर विसंबू नका. शिक्षक बदलले की नियम बदलतात.

2. काय काय लागेल

- दोनशे पानी लाँगबुक, एकेरी रेघी. एका नोंदीला तीन-चार पानं धरली तर पंधरा नोंदी होऊन अडलेल्या शब्दांसाठी आणि अनुक्रमणिकेसाठी जागा उरते. सुट्या फुलस्केप कागदांची फाईल टाळा, कागद मागेपुढे होतात आणि मधली तारीख हरवते.
- निळं आणि काळं बॉलपेन. तिसरा कुठलाही एक रंग वर्गातल्या चर्चेसाठी. पातळ कागदावर जेलपेन मागे उमटतं, आणि पावसाळ्यात दप्तर ओलं झालं की ती शाई पसरते.
- एचबी पेन्सिल, खोडरबर, तीस सेंटीमीटरची पट्टी.
- साध्या कागदाच्या पट्ट्या, बोटभर रुंद. वाचनालयाच्या पुस्तकाला चिकट चिठ्ठ्या लावू नका, जुन्या कागदावरून त्या काढताना अक्षरासकट पापुद्रा निघतो.
- पुस्तकाची स्वतःची किंवा वाचनालयातली प्रत. नेमलेला उतारा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोतून वाचू नका. त्यात पान क्रमांक कापलेला असतो, मागचा-पुढचा संदर्भ नसतो, आणि कधी अर्धी ओळही गेलेली असते.

पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयात मिळालं नाही तर सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं सावाना, हा नाशिककरांचा जुना आधार आहे. 1840 साली स्थापन झालेली ही संस्था आहे. जुन्या आवृत्त्या शोधायच्या असतील तर तिथे आधी चौकशी करा. सभासद व्हायला जाताना ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि अनामत व वर्गणीचे पैसे जवळ ठेवा, म्हणजे दुसरा हेलपाटा पडणार नाही.

शोधताना एक लक्षात ठेवा. आपल्या नाशिकच्याच लेखकाचं उदाहरण घ्या: कविता कुसुमाग्रज या नावाने, नाटकं मात्र वि. वा. शिरवाडकर या नावाने. यादीत एकाच नावाखाली शोधून "पुस्तक नाही" म्हणून परत फिरू नका. वहीत नाव लिहिताना पुस्तकाच्या आतल्या शीर्षकपानावर जे छापलंय तेच लिहा.

3. वही आखून घ्या

पहिली चार पानं अनुक्रमणिकेसाठी कोरी ठेवा. पुढच्या प्रत्येक पानाला हाताने क्रमांक द्या. कंटाळवाणं आहे, पण अर्ध्या तासात होतं, आणि सत्राच्या शेवटी "मागे अमुक नोंदीत म्हटल्याप्रमाणे" असं लिहायची वेळ येते तेव्हा त्याचं मोल कळतं. शेवटची वीस पानं शब्दांसाठी राखून ठेवा.

प्रत्येक नोंद डाव्या पानावर सुरू करा. डाव्या पानावर पट्टीने उभी रेघ मारा, डावीकडे साधारण सहा सेंटीमीटरचा रकाना सोडून. त्या अरुंद रकान्यात पुस्तकातले शब्द आणि पान क्रमांक येतील, रुंद रकान्यात तुमचा पहिला, म्हणजे त्याच दिवशी लिहिलेला प्रतिसाद. समोरचं उजवं पान दोन-तीन दिवसांनी लिहायच्या दुसऱ्या प्रतिसादासाठी. उजव्या पानाच्या तळाशी सहा-सात ओळी मोकळ्या ठेवा, त्या वर्गातल्या चर्चेसाठी.

नोंदीच्या डोक्यावर एवढी माहिती हवी:

तारीख
साहित्यकृती आणि लेखक
प्रकाशक, आवृत्ती, वर्ष
वाचलेली पानं (कविता असेल तर ओळी, नाटक असेल तर अंक व प्रवेश)

आवृत्तीचं वर्ष बहुतेक जण सोडून देतात. त्याचा फटका वर्गात बसतो. तुम्ही "पान 47" म्हणता आणि शेजारणीच्या प्रतीत 47 पानावर दुसरंच प्रकरण असतं, कारण तिच्याकडे नवी आवृत्ती आहे आणि अक्षरजुळणी बदललेली आहे. संतसाहित्यात तर हे जास्तच होतं. तुकोबांच्या गाथेतले अभंगक्रमांक सगळ्या आवृत्त्यांत सारखे नाहीत. त्यामुळे क्रमांकासोबत अभंगाची पहिली ओळही लिहा. ज्ञानेश्वरीसाठी अध्याय आणि ओवी असे दोन्ही आकडे द्या.

4. वाचताना फक्त खूण करा

पहिल्या वाचनात लिहायला थांबू नका. जिथे काही हललं तिथे कागदाची पट्टी घाला आणि पुढे चला. "हललं" म्हणजे फक्त आवडलं असं नाही. कंटाळा आला, राग आला, ओळ समजली नाही, एखादं पात्र खोटं बोलतंय असं वाटलं, पान उलटून मागे जावं लागलं, ही सगळी खुणेची ठिकाणं आहेत. न समजलेल्या जागा तर मुद्दाम जपा. चांगल्या नोंदी बऱ्याचदा तिथूनच निघतात.

दहा पानांत पंधरा पट्ट्या झाल्या तर वाचन संपल्यावर पुन्हा चाळा आणि तीनच ठेवा. त्यातली एक नोंदीसाठी निवडा.

नाशिकरोडहून किंवा सिन्नर-ओझरहून रोज ये-जा करणाऱ्यांचं बरंचसं वाचन बसमध्येच होतं. ते चालेल. फक्त बसमध्ये वहीत लिहू नका. पट्टीवरच पेन्सिलने एक शब्द टिपा आणि घरी पोचल्यावर नोंद करा.

5. पहिला प्रतिसाद: त्याच दिवशी, दहा-बारा मिनिटांत

वाचलं त्याच दिवशी लिहायचं, शंभर ते दीडशे शब्द. घड्याळ लावा. इथे शुद्धलेखन, अलंकार, परीक्षेची भाषा यांची काळजी करू नका. खाडाखोड राहू द्या, व्हाइटनर तर लावूच नका. तपासणाऱ्याला ती खाडाखोड बघायचीच असते. विचार कुठे वळला ते तिथे दिसतं.

भाषाही घरची चालेल. जिल्ह्यातल्या सटाणा, मालेगाव, कळवण भागातून आलेल्या अनेकांच्या घरी अहिराणी आहे, सुरगाणा-पेठकडच्या मुलांची बोली आणखी निराळी. एखाद्या ओळीने घरचाच शब्द तोंडात आणला तर तो तसाच लिहा. प्रमाण मराठीत ओढताना त्याच्यासोबत जे वाटलं होतं तेही पातळ होतं. दुसऱ्या प्रतिसादात त्या शब्दाचा अर्थ एका ओळीत सांगता येईल.

सुरुवात सुचत नसेल तर यातलं एक अर्धं वाक्य घ्या आणि पुरं करा: "इथे मला वाटलं होतं की ..., पण ..." किंवा "ही ओळ मी दोनदा वाचली, कारण ..." किंवा "या माणसावर माझा विश्वास बसत नाही, कारण ..."

6. दुसरा प्रतिसाद: दोन-तीन दिवसांनी, शब्द धरून

सगळा कस इथे लागतो. म्हणून एक उदाहरण सावकाश पाहू. पुढचा उतारा कुठल्याही पुस्तकातला नाही, या लेखासाठीच रचला आहे.

> रात्री पत्र्यावर पहिला थेंब वाजला तेव्हा आबा उठून बसले. दिवा लावला नाही. काडेपेटी हातात घेतली, ठेवली. सुमनने विचारलं, "पाऊस का?" "नाही," आबा म्हणाले, "चिंच पडली असेल." दारात चिंच नव्हती. दोघंही परत आडवे झाले आणि पत्रा वाजत राहिला.

वहीत नेहमी येणारी नोंद अशी असते:

"हा उतारा मला खूप भावला. लेखकाने शेतकऱ्याच्या जीवनातील व्यथा अतिशय प्रभावीपणे मांडली आहे. अवकाळी पावसाने शेतकऱ्याचे कसे नुकसान होते याचे वास्तव चित्रण येथे आढळते. भाषा साधी व ओघवती आहे."

ही नोंद आणखी पन्नास कथांना जशीच्या तशी लावता येईल. पाऊस सोडला तर उताऱ्यातला एकही शब्द तिच्यात नाही. शिवाय शेतकरी, अवकाळी, नुकसान हे तिन्ही उताऱ्यात कुठेच नाहीत, ते वाचणाऱ्याने बाहेरून आणले. आणलेले असायला हरकत नाही, पण आणले आहेत हे वाचणाऱ्याला माहीत हवं.

आता निफाडकडची, घरी द्राक्षबाग असलेली एखादी विद्यार्थिनी पहिला प्रतिसाद असा लिहील:

"पोटात गोळा आला. माल तयार झाला असताना पत्रा वाजला की घरात कुणी बोलत नाही. मणी तडकणार हे सगळ्यांना माहीत असतं. आबा खोटं का बोलले? सुमन लहान आहे का? तिला कळू नये म्हणून? पण दोघंही झोपले म्हणजे तिलाही कळलंय."

हा खरा प्रतिसाद आहे. यातला प्रश्न मोलाचा आहे, घरची माहितीही मोलाची आहे. दुसऱ्या प्रतिसादात तिला दोन कामं करायची आहेत.

पहिलं काम: स्वतःचं आणि पानाचं वेगळं करणं. उताऱ्यात महिना नाही, द्राक्ष नाही, शेतही नाही. पाऊस नको आहे एवढंच दिसतं, का नको ते सांगितलेलं नाही. म्हणून ती लिहील, "द्राक्षाचा माल मी घरून आणला आहे. उताऱ्यात फक्त पाऊस नको असलेला माणूस आहे. त्याचं छत गळत असेल, लग्नाचा मांडव घातला असेल, काहीही असू शकतं." असं लिहिल्याने प्रतिसाद कमजोर होत नाही, उलट उताऱ्याने कारण लपवलंय ही गोष्ट तिच्या हाती लागते.

दुसरं काम: शब्द काढून किंवा बदलून बघणं. ही पट्टीसारखी रोज वापरायची युक्ती आहे. "पहिला थेंब वाजला" ऐवजी "पहिला थेंब पडला" वाचा. "पडला" म्हणताच कुणीतरी बाहेर उभं राहून पाऊस बघतंय असं होतं. "वाजला"मुळे आपण आबांसोबत अंधारात आहोत, आपल्यालाही फक्त ऐकू येतं. मग "दिवा लावला नाही" का, तेही कळतं: दिवा लावला तर बघावं लागेल. आता "दारात चिंच नव्हती" हे वाक्य काढून बघा. ते काढलं की आबा सहज चुकले असं वाटू शकतं. ते ठेवलं की खोटं उघडं पडतं. तेही आबांपुढे नाही, सुमनपुढेही नाही, फक्त वाचणाऱ्यापुढे. कारण त्या दोघांना दारात चिंच नाही हे आधीपासून माहीत आहे. म्हणजे खोटं कुणाला फसवण्यासाठी नव्हतं. दोघांनी मिळून ते धरून ठेवलंय. आणि शेवटचं "राहिला": पाऊस थांबला नाही एवढी एकच बातमी, तीही पाऊस हा शब्द न वापरता.

एवढं सापडलं की तिच्या पहिल्या प्रश्नाला तिचंच उत्तर मिळतं, आणि अडीचशे-तीनशे शब्दांचा दुसरा प्रतिसाद आपोआप उभा राहतो.

ज्यांनी काव्यशास्त्राच्या पेपरात रससिद्धांत वाचलाय त्यांना इथे आणखी एक हत्यार हाताशी आहे. भरतमुनींच्या रससूत्रात विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव (मनात येऊन-जाऊन असणारे भाव) हे शब्द येतात. ते पाठ करून उत्तरपत्रिकेत सोडून देण्याऐवजी वहीत कामाला लावा. उताऱ्यात "भीती" हा शब्द नाही. पत्र्यावरचा थेंब हा विभाव, म्हणजे भीतीचं कारण. काडेपेटी घेणं आणि ठेवणं हा अनुभाव, म्हणजे भीती बाहेर दिसण्याची खूण. भाव कुठे नाव घेऊन येतो आणि कुठे फक्त खुणेने येतो, हे दर नोंदीत एकदा तपासलं तरी सत्राच्या शेवटी तुमचं वाचन बदललेलं दिसेल. फक्त पारिभाषिक शब्द आधी आणि निरीक्षण नंतर असा क्रम ठेवू नका.

एका नोंदीत एकच प्रश्न धरा. निवेदक कोण आहे, काय सांगायचं टाळलंय, माझा अंदाज कुठे बदलला, कुठल्या शब्दावर सगळा भार आहे: हे चार प्रश्न चार वेगवेगळ्या नोंदींचे आहेत. एकातच कोंबले तर प्रत्येकाला दोन-दोन ओळी मिळतात आणि हाती काही लागत नाही.

7. कविता, नाटक, आत्मकथन: थोडे वेगळे नियम

कविता आधी मोठ्याने वाचा, दोनदा. वसतिगृहात लाज वाटत असेल तर गच्चीवर जा, पण मोठ्यानेच वाचा. आवाज जिथे आपोआप थांबतो तिथे पेन्सिलने तिरकी रेघ मारा. मग अक्षरं मोजा, जोडाक्षर एकच धरायचं. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं असतात, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात जुळतं. नमुन्यासाठी रचलेली ही ओळ पाहा:

घाटावर दिवा । पाण्यातही वात । कोण घाली हात । दोघांमध्ये ॥

पहिले तीन चरण सारख्या लांबीने येतात, कानाला सवय लागते, आणि चौथा दोन अक्षरं आधीच संपतो. त्या रिकाम्या जागेत "दोघांमध्ये" हा शब्द लोंबकळत राहतो. प्रश्न तिसऱ्या चरणात विचारलाय, पण चौथ्याच्या तुटकपणामुळे तो उत्तराविना थांबल्यासारखा वाटतो. वहीत छंद लिहायचा तो असा. "ही रचना अभंग छंदात आहे" एवढ्यावर थांबलात तर ते नाव झालं, प्रतिसाद नाही. अक्षरगणवृत्तातली कविता असेल तर लघु-गुरूच्या खुणा एकाच ओळीवर करा, सगळ्या कवितेवर करत बसू नका, आणि यती, म्हणजे ओळीतला ठरलेला थांबा, कुठल्या शब्दावर पडतो ते बघा.

नाटक वाचताना कंसातल्या रंगसूचना वगळू नका. संवादाच्या नोंदीत कोण बोलतंय याइतकंच कोण गप्प आहे तेही लिहा. कालिदास कलामंदिरात तेच नाटक बघायला मिळालं तर उत्तम, पण प्रयोगाची नोंद वेगळी करा. नटाचा आवाज, प्रकाश, हशा या प्रयोगाच्या गोष्टी आहेत, संहितेच्या नाहीत. दोन्ही एका नोंदीत मिसळले की "या वाक्याला मी रडले" याचं कारण वाक्य होतं की नट, हे तुम्हालाच सांगता येत नाही.

आत्मकथनात, विशेषतः दलित आत्मकथनांवर लिहिताना, हळहळ व्यक्त करून नोंद संपवू नका. लिहिणाऱ्याने काय सोसलं याबरोबरच त्याने ते कसं रचलं हेही बघा: कुठल्या वयातल्या डोळ्यांनी सांगतोय, कुठे वेग वाढवतो, कुठे एका ओळीत वर्ष ओलांडतो. त्याला फक्त दुःखाचा साक्षीदार मानलं तर त्याचं लेखकपण आपण नाकारतो. हे मनापासून सांगावंसं वाटतं, कारण या प्रकारच्या नोंदी सर्वांत जास्त साचेबंद येतात.

8. शब्दांची पानं

शेवटच्या वीस पानांत अडलेले शब्द लिहा: शब्द, वाक्य, पान क्रमांक, अर्थ, आणि अर्थ कुठून मिळाला. मोबाइलवरच्या पहिल्या उत्तरावर भागवू नका. जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची दुसरी आवृत्ती 1857 ची आहे, इंटरनेटवर मोफत शोधता येतो. मराठीतूनच अर्थ हवा असेल तर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश. कोशात चार अर्थ असतील तर चारही उतरवू नका, त्या वाक्यात बसणारा निवडा आणि तोच का बसतो ते अर्ध्या ओळीत लिहा.

9. वर्गातली चर्चा तिसऱ्या रंगात

तासाला वही सोबत न्या. चर्चेत कुणी वेगळं वाचन मांडलं तर उजव्या पानाच्या तळाशी राखलेल्या ओळींत ते तिसऱ्या रंगाने लिहा, आणि त्याखाली तुमचं मत बदललं का, तेही. आधीचा प्रतिसाद खोडून "बरोबर उत्तर" लिहू नका. सरांनी सांगितलेला अर्थ आणि तुमचा अर्थ शेजारी-शेजारी राहू द्या. मत बदललं असेल तर कुठल्या शब्दामुळे बदललं, एवढं एक वाक्य पुरे.

मुक्त विद्यापीठातून शिकणाऱ्यांना रोजचा वर्ग नसतो. त्यांनी या ओळी संपर्कसत्रासाठी ठेवाव्यात, किंवा तेच पुस्तक वाचणाऱ्या एखाद्या सहाध्यायीशी फोनवर बोलून भराव्यात.

10. नेहमी कुठे चुकतं

सारांश. ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती भीतीपोटी होते: वाचलंय हे सिद्ध करायचं असतं. शिक्षकांनी पुस्तक वाचलेलं आहे. गोष्ट काय घडते याला दोन ओळींपेक्षा जास्त देऊ नका.

ठरलेले शब्द. "प्रभावीपणे मांडले आहे", "मनाला भिडते", "अंगावर शहारे येतात", "समाजाला आरसा दाखवला आहे". वहीच्या आतल्या कव्हरवर अशी यादी करा, आणि नोंद झाल्यावर त्यातला एखादा आलाय का ते बघा. आला असेल तर त्या जागी पुस्तकातला शब्द ठेवा.

कवितेतला "मी" म्हणजे कवी, असं धरून चालणं. "कवीला आईची आठवण येते" ऐवजी "कवितेतल्या मीला" लिहायची सवय लावा.

पात्राला निकाल देणं. "तिने असं वागायला नको होतं" हा निवाडा झाला. "ती असं वागली तेव्हा मी तिच्यापासून लांब गेलो, आणि तिच्या पुढच्या वाक्याने परत ओढलं" हा प्रतिसाद.

आपलीच गोष्ट. आजोबांची आठवण आली, ठीक. पण नोंदीचे दोन परिच्छेद आजोबांवर आणि दोन ओळी कवितेवर असं झालं तर मोजून उलट करा.

गाईड, इंटरनेट किंवा एआयकडून घेतलेला मजकूर. तो लगेच ओळखू येतो, कारण त्यात पान क्रमांक नसतो, शंका नसते आणि मधेच मत बदलत नाही. समीक्षकाचं मत वापरायचं असेल तर नाव देऊन, अवतरणात, आणि तुमचा दुसरा प्रतिसाद लिहून झाल्यावर.

एका रात्रीत भरलेली वही. सत्राच्या शेवटी पंधरा नोंदी एका बैठकीत लिहिल्या की एकच पेन, एकच घाई, सगळ्या नोंदी सारख्या लांबीच्या आणि चर्चेच्या ओळी कोऱ्या. मागच्या तारखा घालून ते झाकलं जात नाही. नोंदी राहून गेल्या असतील तर खरी तारीख घालून कमी नोंदी द्या आणि शिक्षकांना आधी सांगा. आठवड्याला एक नोंद हा वेग बहुतेक सत्रांत पुरतो. पहिल्या प्रतिसादाचा आणि दुसऱ्या प्रतिसादाचा वार ठरवून टाका, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीवर काम ढकललं जात नाही.

11. वही जमा करताना

- अनुक्रमणिका पूर्ण करा: नोंद क्रमांक, साहित्यकृती, तारीख, वहीतलं पान.
- पंधरापैकी तुम्हाला सर्वांत जमलेल्या दोन नोंदी अनुक्रमणिकेत खुणेने दाखवा. सगळ्या नोंदी बारकाईने वाचायला वेळ नसला तर शिक्षक तिथे आधी जातात.
- शिक्षकांनी मागितलं असेल तर अखेरीस एक पानाचं आत्मपरीक्षण जोडा. त्यात पहिली आणि शेवटची नोंद समोरासमोर ठेवून एक फरक सांगा, उदाहरणासह. "माझी वाचनाची आवड वाढली" हे पुरत नाही. "पहिल्या नोंदीत मी एकही शब्द उद्धृत केला नव्हता, बाराव्या नोंदीत एका क्रियापदावर पान लिहिलं" हे पुरतं.
- नाव, वर्ग, हजेरी क्रमांक आणि विषय कव्हरवर आणि पहिल्या पानावर, दोन्हीकडे. कव्हरचा कागद निघून जातो.
- जमा करण्याआधी सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून एका फोल्डरमध्ये ठेवा, उजेडात, पान क्रमांक दिसेल असे. वह्या परत मिळायला पुढचं सत्र उजाडतं, काही मिळतही नाहीत, आणि त्याच पुस्तकावर परीक्षेत प्रश्न आला की तुमच्या स्वतःच्या नोंदीइतकं उपयोगी दुसरं काही नसतं.